डबा सावकाश आणा

"डबा सावकाश आणा, घाई नाही," असं म्हणत बाई दोन्ही हातांनी स्टीलचा डबा पुढे करत. पेशंट डबा धरी. बाईंची बोटं मात्र सुटत नसत. मग थोडा वेळ दोघंही तो डबा धरून दारात उभी, मधे पाव किलो चिवडा. बाहेर एखाद्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला किंवा बाकावरून कोणी खाकरलं, की बाई भानावर येत आणि डबा सुटे.

तुम्ही मराठी घरात वाढला असाल तर या डब्याची गोम तुमच्या लक्षात आलीच असेल. डब्याच्या झाकणावर आणि बुडाशी बाईंचं नाव घातलेलं होतं. नाव घातलेला डबा बुडवता येत नाही. शिवाय दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे आपल्याकडे बाराखडीच्या आधी शिकवतात. म्हणजे पेशंट पुढच्या आठवड्यात डब्यात काहीतरी घालून आणणार. बाई म्हणणार, "अगं, एवढं कशाला?" आणि तेवढं आणलंय तर तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून दुसरा डबा भरून देणार. पेशंट बरा झालेला असो नसो, डबा परत करायचा असेच.

बाई समुपदेशक होत्या. हा शब्द तेव्हा नेरूळमध्ये नवा होता. खरं तर नेरूळच नवं होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं, इमारतींचा गिलावा ओला, आणि जिन्यात भेटलेला माणूस आपला शेजारी की प्लंबर हे कळायला महिना लागे. गिरगावातून आलेले, साताऱ्याहून आलेले, रत्नागिरीचे, सगळे आपापली दारं लावून बसलेले. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. एका सेक्टरात रस्त्यालगत गाळा घेतला होता, पण एकट्याला भाडं जड जात होतं. म्हणून मधे प्लायवुडचं पार्टिशन घालून आतला अर्धा भाग मी बाईंना दिला. माणूस शांत वाटला. शाळेतली नोकरी सोडून, मुंबईत कसलासा कोर्स करून आलेल्या, पन्नाशीच्या. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. मी कोणालाच काही विचारत नाही.

आमचा बाक एकच होता. त्यामुळे बाकावर बसलेल्यांपैकी पित्ताचं कोण आणि मनाचं कोण, हे बाहेरून कळायची सोय नव्हती. बाईंच्या पेशंटना ही सोय फार आवडली. सोसायटीतलं कोणी दिसलं की ते पोट धरून बसत. माझ्या पेशंटची मात्र पंचाईत झाली. एका गृहस्थांनी तर "मी मूळव्याधीसाठी आलोय" असं बाकावर बसल्या बसल्या मोठ्याने जाहीर केलं. एरवी ही गोष्ट कोणी पत्नीलाही लवकर सांगत नाही.

गुप्ततेसाठी बाईंनी एक टेबलफॅन आणला होता. जुना, लोखंडी, चालू केला की गिरणी चालू झाल्यासारखा आवाज. वारा फारसा नव्हताच. पेशंट आत गेला की बाई फॅन लावत आणि मग पलीकडे काय बोलणं चाललंय ते मला ऐकू येत नसे. लाइट गेली की मात्र फॅन थांबे आणि नेरूळमधल्या सभ्य कुटुंबांची सगळी दुःखं प्लायवुडमधून माझ्या टेबलावर येऊन पडत. मी अशा वेळी वर्तमानपत्राचा आवाज करत असे. माझ्या परीने मी गुप्तता पाळली आहे.

बाईंचा एक लाडका सिद्धान्त होता. मूल लहानपणी आईला जसं धरतं, तसंच ते मोठेपणी माणसांना धरतं, असं त्यांच्या कोर्सात शिकवलं होतं. काही मुलं आई उठली की पदर धरून बसतात. काही तिच्याकडे पाठ फिरवून आपलं खेळणं उचलतात, जशी काही आईची गरजच नाही. आणि काही खुशाल खेळायला जातात, परत येतात, पुन्हा जातात. बाई सगळ्या जगाची या तीन ढिगांत वाटणी करत. पदर धरणारे ते चिकटे, पाठ फिरवणारे पळपुटे आणि उरलेले निवांत. निवांत लोक आमच्या बाकावर येत नसत. बाईंच्या मते सेक्टरात निवांत असा एकच होता, आणि तो वॉचमन होता.

"तुम्ही पळपुटे," त्या एकदा मला म्हणाल्या. आमची ओळख होऊन महिनाही झाला नव्हता. "पेशंट जरा घरचं सांगायला लागला की तुम्ही पुड्या बांधायला घेता. लहानपणी काय झालं होतं तुम्हाला?"

"गोवर," मी म्हणालो.

"पाहिलंत?" बाई आनंदून म्हणाल्या.

"आणि तुम्ही कोण?"

"मी चिकटी. हे काय विचारणं झालं? डॉक्टर, पेशंट कसा आहे हे सगळे बघतात. पण त्याच्या समोरच्या खुर्चीत बसलेला माणूससुद्धा कुणाचं तरी मूलच असतो ना? त्याचंही हेच असतं. पेशंट उठून जायला लागला की मला त्याचा पदर धरावासा वाटतो."

"मग यावर उपाय काय?"

"उपाय काय! पित्ताच्या डॉक्टरला पित्त होत नाही?" मला तेव्हा जळजळ चालूच होती, म्हणून मी विषय वाढवला नाही.

स्वतःचा आजार इतका नीट कळलेला आणि त्याला इतका बिनदिक्कत वाढू देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पाऊण तासाची भेट दीड तास चाले. एखादा पेशंट आला नाही की बाई कोपऱ्यावरच्या पीसीओवर जाऊन त्याच्या घरी फोन करत. "नाही, सहज. तुम्ही आला नाहीत, म्हटलं बरे आहात ना?" बरा असलेला माणूस यावर ओशाळत असे. पुढच्या वेळी तो काहीतरी घेऊन येई, डब्यातही आणि मनातही.

कारण पेशंटना एक गोष्ट कळून चुकली होती. आपण बरे आहोत असं सांगितलं की बाई "वा, छान" म्हणतात, पण त्यांचं तोंड उतरतं. म्हणून आत जाण्यापूर्वी बाकावर बसून लोक दुःखाची जुळवाजुळव करत. "या आठवड्यात तसं काहीच झालं नाही हो," एक साताऱ्याकडचे काका एकदा माझ्याकडे वाकून कुजबुजले. वाशीच्या मार्केटात त्यांचं माथाडीचं काम होतं, आणि वर्षभरापूर्वी धाकट्या भावाशी बोलणं तुटल्यामुळे त्यांना झोप येत नव्हती. "भावाचा परवा फोन आला. गोड बोलला. आता बाईंना काय सांगू?"

"गोड बोलला म्हणून सांगा."

"नको. त्या बिचाऱ्या एवढं माझ्यासाठी करत्यात. काल पोराला उगीच एक ठेवून दिली, तेच सांगतो."

एकदा बाईंचा पाय मुरगळला आणि त्यांच्या जागी महिनाभर कोर्समधलाच एक तरुण गृहस्थ आला. तो दुसऱ्या ढिगातला, पळपुटा. आल्या आल्या त्याने पेशंटची खुर्ची हातभर मागे सरकवली, भिंतीवर घड्याळ लावलं आणि फॅन बंद केला. फॅनची गरजच नव्हती. आत कोणी बोलत नसे. पेशंट रडू लागला की तो खिडकीतून बाहेर बघत बसे आणि पाऊण तास झाला की उभा राही. बाक आठवडाभरात ओस पडला. बाईंचे पेशंट डबे घेऊन थेट बाईंच्या घरी जाऊ लागले. एक बँकेतले ऑफिसर मात्र त्या महिन्यात खडखडीत बरे झाले. त्यांना घरी बायको, आई, तीन बहिणी आणि कचेरीत युनियन, असे सगळे धरूनच बसलेले. कोणीही न धरता पाऊण तास बसू देणारा माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. "माझ्याकडे वर्षभर येत होते हो," एवढंच त्या दिवसभर म्हणत राहिल्या.

सुगंधा आमच्याकडे आली ती ट्रेलरमधून. शिरवणे गावातली, पंचविशीची. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. तो तिला घेऊन आला आणि गाडी आमच्या गाळ्यासमोर लावून बाकावर बसला. अर्धा सेक्टर अडला. सोसायटीचे सेक्रेटरी भांडायला आले, पण सुगंधाने नवऱ्याची बाही इतकी घट्ट धरली होती की त्याला गाडी काढायला उठताच येईना.

तिची आई बाजाराला एकटी गेली आणि रस्त्यातच गेली. तेव्हापासून सुगंधाला घराबाहेर एकटीने पाऊल टाकता येत नव्हतं. गावाची वेस आली की छातीत धडधडे, हातपाय गार पडत. माझ्या गोळ्या तिने आधी खाऊन पाहिल्या होत्या. त्यांनी कोणाचं वाईट झालेलं नाही.

इथे बाईंचं कौतुक केलं पाहिजे. दुसरा कोणी असता तर खुर्चीत बसून बोलला असता. बाई तिला घेऊन बाहेर पडल्या. आधी कोपऱ्यावरच्या दुधाच्या केंद्रापर्यंत, मग स्टेशनच्या रस्त्याला, मग मार्केटपर्यंत. ऐन दुपारी, छत्री घेऊन. पुढे पुढे बाई दहा पावलं मागे राहत, मग पन्नास. सुगंधा मागे वळून बघे, बाई छत्री हलवत. चिकटा माणूस होता म्हणूनच हे झालं. मी तिला कोपऱ्यावर सोडून परत आलो असतो. सवा वर्षात सुगंधा शिरवण्याहून एकटी चालत यायला लागली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी आली त्या दिवशी बाईंनी बाकावरच्या सगळ्यांना पेढे वाटले. मूळव्याधीवाल्यांनाही.

सुगंधाच्या हाताला चव होती. बाई देत ते डबे ती भरून आणायची, आणि काय आणायची! तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं. एकदा विसरून सुकटाची चटणी घालून आणली. बाई जन्माच्या शाकाहारी. त्यांनी डबा उघडला, वास घेतला, थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं. "एवढ्या प्रेमाने आणलंय," म्हणाल्या आणि बोटाने चाखली. त्यानंतर सुगंधाने दर बुधवारी सुकट आणावं म्हणून त्या कोणत्या ना कोणत्या बहाण्याने आठवण करत.

मग उरणच्या वाटेवरच्या जासईचा गाळा आला. सुगंधाच्या नवऱ्याच्या चुलतभावाची जागा होती, कंटेनर यार्डाच्या समोर. दिवसभर ड्रायव्हर, क्लीनर, कस्टमवाल्यांची माणसं, आणि खायला धड काही नाही. सुगंधाने तिथे खानावळ टाकायची ठरवली. राहायलाही तिथेच जायचं. चुलतभावाने सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबतो, नंतर दुसऱ्याला देणार. एका हॉटेलवाल्याचा त्या गाळ्यावर डोळा होताच.

मी ही बातमी पार्टिशनच्या अलीकडून ऐकली, कारण सुगंधा ती फॅनपेक्षा मोठ्याने सांगत होती. नंतर बाईंचा आवाज आला, "अगं पण आपलं काम अजून बाकी आहे."

"आपलं काम अजून बाकी आहे" हे बाईंचं दुसरं पालुपद. गणपती आले, गेले. सुगंधा दर बुधवारी येत होती आणि काम बाकीच होतं. बाई तिच्या आईबद्दल नव्याने विचारू लागल्या. मग आजीबद्दल. सुगंधाचा चेहरा बारीक होत चालला. आता ती रिक्षाने येऊ लागली, आणि परत जाताना नवरा न्यायला येऊ लागला.

पितृपक्षात एका दुपारी बाई बँकेत गेल्या असताना सुगंधा माझ्या टेबलासमोर येऊन बसली. "डॉक्टर, धडधडीवर गोळ्या द्या."

मी पुड्या बांधायला घेतल्या.

"बाईंना सांगू नका पन," ती म्हणाली. "मना बरं झालं होतं. खरंच बरं झालं होतं. पन बरं हाय म्हनलं का बाईंचं तोंड येवढं येवढं व्हायचं. मंग मी म्हनायची, काल जरा धडधडलं. मंग त्या खूस. पानी द्यायच्या, हात धरून बसायच्या. आता रोज सांगून सांगून खरंच धडधडाया लागलंय. काल वेशीपासून परत फिरले. दसऱ्याला गाला नाय घेतला तर गेला तो. मी काय करू?"

"बाईंना सरळ सांग, जाते म्हणून."

"सांगेन ओ. पन मी गेल्यावर त्यांच्याकडं कोन बघनार?"

माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. दीड वर्ष बाईंकडे येऊन ही पोर आता बाईंवर उपचार करत होती, आणि तेही स्वतःची छाती धडधडवून. मला राग आला. मी सहसा रागावत नाही, कारण त्यासाठी माणसाशी बोलावं लागतं. पण त्या दिवशी बाई बँकेतून आल्या तेव्हा मी पार्टिशनच्या पलीकडे गेलो. इतक्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. आत स्टीलच्या डब्यांची उतरंड होती.

"बाई, तुमच्या पेशंटना तुमची काळजी वाटते," मी म्हणालो. "फी त्यांनी घ्यायला हवी." आणि सुगंधाने जे सांगू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं मी सांगून टाकलं.

बाई भडकल्या. "तुम्हाला काय कळतं हो? तुमच्याकडे माणूस पाच मिनिटं टिकत नाही!"

"म्हणून माझ्यामुळे कोणाची धडधड वाढलेली नाही."

बाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत आणि सोडत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी विचारलेलं नव्हतं. त्यांची आई दूरच्या गावात शिक्षिका होती आणि शाळेसाठी मुलीला तिने वाईला मावशीकडे ठेवलं होतं. दर शनिवारी आई एसटीच्या कंडक्टरबरोबर खाऊचा डबा पाठवी. परतीच्या गाडीने डबा परत जाई. ही पोर त्यात कधी चिंचा घाली, कधी फुलं, कधी नुसती शंकरपाळी उरवून ठेवलेली. एका शनिवारी मैत्रिणीकडे खेळण्याच्या नादात डबा तसाच गेला, रिकामा. पुढच्या शनिवारी डबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"आई गेल्या?" मी विचारलं.

"छे! मलेरिया झाला होता. महिन्याभराने खडखडीत बरी झाली. त्यानंतर तीस वर्षं जगली, मला नको नको होईपर्यंत भांडली."

"मग?"

"मग काय? तो महिना तर गेला ना माझा," बाई म्हणाल्या. "हे सगळं मला कळतं हो डॉक्टर. मी हेच शिकलेय. कळून काही होत नाही, बाकी सगळं ठीक आहे."

मी त्यांना चहा मागवून दिला.

पुढच्या बुधवारी सुगंधा आली. ती आत गेली, फॅन लागला, आणि थोड्याच वेळात लाइट गेली. मी वर्तमानपत्र उचललं. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी पान उलटलं नाही.

"काल धडधडलं?" बाई विचारत होत्या.

"थोडं धडधडलं."

"आणि त्याच्या आधी, गणपतीच्या सुमाराला? तेव्हा खरंच होत होतं का गं?"

सुगंधा बारीक आवाजात, "नाय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगत होतीस."

"डॉक्टरांनी सांगितला ना? सांगू नका म्हनलं होतं त्यांना."

"त्यांनी जन्मात एकदा दुसऱ्याच्या भानगडीत तोंड घातलंय, त्यांना माफ कर. चुकलं माझंच. सुगंधा, ऐक. दसऱ्याला खानावळ उघड."

"आनि पुढच्या बुधवारी?"

"पुढच्या बुधवारी तू भाकऱ्या भाजत असशील."

"आनि परत धडधडलं तर?"

"तर ये. जासई काही विलायतेत नाही. पण धडधडलं तर ये. माझ्यासाठी येऊ नकोस."

"तुमी एकट्या काय करनार?"

मला वाटलं, आता पुन्हा काम बाकी निघतंय. मग त्या म्हणाल्या, "ते माझं मी बघेन. ते तुझं काम नाही."

दोघी बाहेर आल्या तेव्हा बाकावर चार माणसं होती आणि चौघांनीही ते पाहिलं. बाईंच्या हातात श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा होता. आपल्या घरात असे डबे धुऊन ठेवतात आणि दुसऱ्याला काही द्यायचं असेल, पण डब्याच्या मागे लागायचं नसेल, तेव्हा काढतात. त्यात रव्याचे लाडू होते. बाईंनी तो पुढे केला, सुगंधाने धरला आणि बाईंनी हात सोडले. लगेच. कोणी हॉर्न दिला नाही, कोणी खाकरलं नाही.

सुगंधा त्या डब्याकडे पाहत राहिली. "हा कवा आनू?"

"हा आणायचा नसतो गं. मीठ ठेव त्यात, नाहीतर टाकून दे."

सुगंधाने बाईंना वाकून नमस्कार केला आणि ती गेली. नवरा न्यायला यायचा होता, त्याची तिने वाट पाहिली नाही. बाई दारात उभ्या राहिल्या. ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाल्यावरही त्या उभ्या होत्या. मग साताऱ्याचे काका हळूच उठले आणि म्हणाले, "बाई, माझं आज काहीच नाही. भाऊ दिवाळीला यायचाय. मी जाऊ का?"

"जा," बाई म्हणाल्या. त्या दुपारी बाकावरचे चौघंही बरे होऊन घरी गेले. बाई आत जाऊन बसल्या. लाइट आली आणि फॅन चालू झाला. आत पेशंट कोणी नव्हता. मी वर्तमानपत्र वाचलं.

त्यानंतर एकदम सगळं पालटलं असं मुळीच नाही. पीसीओवाल्याचा धंदा थोडा कमी झाला, इतकंच. दर बुधवारी सुगंधाच्या वेळेला बाई दुसरा पेशंट घेत नसत. मी विचारलं तर म्हणत, "हिशेब लिहायचेत." जासईहून काही खबर नव्हती. खानावळ उघडली की नाही, तेही कळत नव्हतं. दिवाळी झाली. शेवटी एका बुधवारी बाईंनी त्या वेळेला कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. त्याची बायको नुकतीच गेली होती. तो आत गेला, फॅन लागला.

आणि नेमका त्याच वेळी बाहेर टेम्पो थांबला. मागे तांदळाची पोती आणि कांदे, पुढे ड्रायव्हरशेजारी सुगंधा. अंगाने भरलेली, आवाज दुप्पट. ती उडी मारून उतरली आणि माझ्या टेबलावर तोच श्रीखंडाचा डबा ठेवला. झाकण बसत नव्हतं इतका भरलेला.

"हा परत करायचा नसतो," मी म्हणालो.

"रिकामा नाय ना केला! बाई कुठं हायत?"

"आत. पेशंट आहे."

"असू दे, असू दे. बसायला येल नाय. वाशीवरनं माल घेतलाय, कामाची पोरं चुलीजवल एकटी हायत."

"एकटीच आलीस?"

"डायवर हाय ना! पन त्याला रस्ता ठाव नाय, मीच दाखवते," असं म्हणून ती एवढ्याने हसली की रस्त्यावरच्या माणसाने वळून पाहिलं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पलीकडचा फॅन बंद झाला आहे. मी वर पाहिलं. माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. म्हणजे लाइट गेली नव्हती.

मला वाटलं, आता दार उघडणार. बाई धावत येणार, हात धरणार, डबा भरणार, आणि झालं. सुगंधा खानावळीबद्दल सांगत होती, सकाळी किती भाकऱ्या लागतात, कस्टमचा कोण साहेब कसा उधारी ठेवतो. मी एरवी तिला दोन वाक्यांत वाटेला लावलं असतं. त्या दिवशी मी तिला एकेक विचारत गेलो. मालाचा भाव विचारला. सुकट कुठून आणतेस विचारलं. जरा मोठ्यानेच विचारलं.

दार उघडलं नाही. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "येते डॉक्टर! बाईंना सांगा, मजेत हाय!" सुगंधा चढली, टेम्पो निघाला, कोपऱ्यावर वळला, आवाज विरला. मग पलीकडे फॅन पुन्हा सुरू झाला.

व्यापारी त्याच्या वेळेला बाहेर आला, डोळे पुसत. त्याच्या मागून बाई आल्या. डोळे त्यांचेही लाल होते. टेबलावरचा डबा त्यांनी पाहिला.

"बाहेर का नाही आलात?" मी विचारलं.

"वेळ त्यांची होती," बाई म्हणाल्या. मग त्यांनी डबा उघडला, सुकटाची चटणी पाहिली आणि मला म्हणाल्या, "तुमच्या डब्यातल्या दोन पोळ्या काढा."

बाई पुढे काही वर्षं होत्या. मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्या वाईला मावसबहिणीकडे राहायला गेल्या. जाताना फॅन मला देऊन गेल्या. वाईलाच त्या वारल्या. मला फोन आला तेव्हा बाकावर पेशंट होते. मी त्यांना परत पाठवलं आणि दवाखाना बंद केला. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटण्याची मला सवय नव्हती.

पार्टिशन आता काढलं आहे. पण अजूनही वर्षातून एखादा माणूस दारात येऊन घुटमळतो. हातात स्टीलचा डबा, झाकणावर बाईंचं नाव. "बाईंचा डबा द्यायचा राहिला होता," तो म्हणतो. मग मला सांगावं लागतं. तो बाकावर बसतो, आणि त्याला उठवायचं कसं हे मला अजून जमत नाही. डब्यात कधी करंज्या असतात, कधी भाजणीची चकली. रिकामा म्हणून एकही आलेला नाही.

परवा अशीच एक जुनी पेशंट आली. तिने डबा दिला, बराच वेळ बसली, बाईंच्या आठवणी काढल्या आणि निघाली. मी दारापर्यंत गेलो. तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून मागे वळलो, तर माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काय असणार? साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची एक बाटली होती, ती तिच्या हातात दिली.

"हे कशावर, डॉक्टर?"

"कशावर नाही. गोड आहेत, मुलांना द्या," मी म्हणालो. "बाटली सावकाश आणा. घाई नाही."